तेलाची पट्टी

पिपलानी, भोपाळ
४ ऑगस्ट १९९०

ती. भाऊजी,

इथूनच वाकतो, तुम्ही पाय पुढे केलेत असं धरून.

पाकीट बघून ताई म्हणेल, बरी आठवण झाली भावाला. काम पडल्यावरच झाली, खरं आहे. आणि काम गाडीचं आहे, म्हणून पत्र तिच्या नावानं न टाकता तुमच्या नावानं टाकलं.

मागच्या वर्षी रिटायर होताना मी कारखान्याच्या लिलावातून एक जुनी पिकअप घेतली. कधी काळी परदेशी इंजिनियर आले होते, ते मागे टाकून गेलेली. स्टीअरिंग डाव्या हाताला, पुढे पलंगाएवढी सीट, मागे उघडा हौदा. आणि क्लच नाही! गिअर आपोआप पडतात. स्टीअरिंगखालची दांडी 'डी'वर ओढायची आणि अॅक्सिलरेटर दाबायचा, बस.

या गाडीवरच मी, नलिनी आणि वैजू भोपाळात टिकून आहोत. रिटायर माणसाला क्वार्टर सोडावं लागतं. मला सोडावं लागलं नाही, कारण टाउनशिपच्या महिला मंडळाच्या स्वयंपाकघरातून मंडीदीपच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवायचं काम मी घेतलं. काम आहे तोवर क्वार्टर. अटी दोनच. गाडी स्वतःची पाहिजे, आणि दोन महिन्यांत तीनदा डबे उशिरा पोचले तर काम बंद.

काम बंद झालं तर पुण्याला सुरेशकडे जायचं. मुलगा चांगला आहे, सूनही मनापासून बोलावते. पण तिथे चौथ्या मजल्यावर वैजूचं काय करू? पोरगी सत्तावीसची झाली, पण आहे तिथेच आहे, आठ-नऊ वर्षांची. इथं ती एकटी दूध आणते, बरखेड्याच्या बाजारातून कोथिंबीर आणते. रस्ता चुकली तर कुणीही हाताला धरून घरी सोडतं, कारण सगळी टाउनशिप तिला लहानपणापासून बघतेय. आणि आता ती माझ्याबरोबर मंडीदीपला येते. साडेदहा वाजले की चपला घालून गाडीत जाऊन बसते. डबे तीच वाटते. नावं वाचता येत नाहीत, पण डब्यांचे पोचे ओळखते. वर्षभरात एकदाही कुणाचा डबा कुणाला गेला नाही. गेटवर लोक 'वैजू दीदी आ गई' म्हणतात. माझ्या मुलीची कुणी वाट बघेल असं मला कधी वाटलं नव्हतं, भाऊजी.

तर ही गाडी महिनाभर घसरतेय. 'डी'त टाकली की दोन-तीन क्षण काहीच होत नाही, मग झटका बसतो. वाटेत मिसरोद गावाच्या पुढे चढाई लागली की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. इथले मिस्त्री क्लच नाही म्हटल्यावर लांबूनच हात जोडतात. सतराव्या वर्षी डेपोच्या आवारात गाडी तुम्हीच माझ्या हातात दिलीत. आता तुम्हीच सांगा, काय करू?

तुमचा
जयंत


धंतोली, नागपूर
१० ऑगस्ट १९९०

चि. जयंता,

आशीर्वाद घे, आणि त्याआधी स्वतःचे कान धर. सहा वर्षांत पहिलं पत्र, तेही गाडी आजारी पडली म्हणून. मी आजारी पडलो असतो तर कार्ड तरी टाकलं असतं का बे? जाऊ दे.

क्लच नाही म्हणतोस. लेका, क्लच नाही अशी गाडी नसते. असतो, आत असतो, दिसत नाही इतकंच. बत्तीस वर्षं मी डेपोत गिअरबॉक्स खोलले. लोखंड ते लोखंड, इथलं काय अन् परदेशातलं काय. तू उगाच घाबरून राहिला आहेस.

बस दुरुस्तीला आली की मी पान्याला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला स्टुलावर बसवायचो आणि विचारायचो. पोरं हसायची, फोरमनसाहेब बसला सोडून ड्रायव्हरची नाडी पाहतात म्हणायची. हसू दे. निम्मी बिमारी त्या स्टुलावरच सापडायची. आता तू स्टुलावर बस. गाडी थंड असताना जास्त घसरते की गरम झाल्यावर? रिव्हर्स पकडतो का? उभी असते तिथे जमिनीवर काही टपकतं का? जळल्यासारखा वास येतो का?

आणि तेल पाहा. गिअरबॉक्सचं, इंजिनचं नाही. रीतीनं पाहायचं, तुला शिकवलं तसं. पहाटे, रात्रभर गाडी उभी राहून थंड झाल्यावर, सपाट जागेवर, इंजिन चालू न करता. पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा घालायची, मग वाचायची. आकडा मला कळव. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, तेव्हा अक्षर जरा मोठं काढ.

वैजूला सांग, आतोबा गाडी नीट करून देतात.

तुझा भाऊजी
दिगंबर

जयंता, यांनी पाकीट चिकटवायच्या आत दोन ओळी लिहिते. तुझं पत्र आलं त्या दिवशी यांनी आपणहून दाढी केली. गेल्या पावसाळ्यापासून नुसते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, कुणी काही विचारत नाही म्हणायचे. आता टेबलावर कागद मांडून गिअरबॉक्सची चित्रं काढून राहिलेत. तू लिहीत जा बाबा. — कुसुमताई


पिपलानी
१८ ऑगस्ट १९९०

ती. भाऊजी,

नमस्कार. स्टुलावर बसलो आहे, उत्तरं देतो.

गरम झाल्यावर जास्त घसरते. रिव्हर्स पकडतो, पण उशिरा. वास अजून तरी नाही. जमिनीवर गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूला लाल तेलाचा डाग पडतो, रोज सकाळी पुरीएवढा.

तेल तुम्ही सांगितलंत तसंच पाहिलं. सकाळी साडेपाचला, इंजिन बंद, समोर सपाट सिमेंट. पट्टीवर वरची खूण आहे तिच्याही वर चार बोटं तेल आहे. तीन दिवस पाहिलं, तीनही दिवस तेच.

एक गोष्ट विचारायची आहे. पट्टीवर खुणेच्या जवळ काहीतरी इंग्रजीत कोरलंय. पुसट झालंय. तेल कसं पाहायचं त्याबद्दलच काही असावं. या गाडीची काही वेगळी रीत असेल का? म्हणजे तुम्हाला काय वाटतं?

वैजूला तुमचा निरोप सांगितला. तेव्हापासून भेटेल त्याला 'आतोबांना गाडीचं सगळं येतं' सांगत सुटली आहे. हे पत्र पेटीत तीच टाकणार. नलिनीचा नमस्कार. ताईला सांगा, लिहीत जाईन.

तुमचा
जयंत


नागपूर
२४ ऑगस्ट १९९०

चि. जयंता,

शाब्बास! याला म्हणतात ड्रायव्हर. चार बोटं वर म्हणजे सापडला की चोर.

ऐक. गिअरबॉक्समध्ये तेल जास्त झालं की आत ते घुसळतं, ताकासारखा फेस होतो. फेसाला जोर नसतो. म्हणून गरम झाल्यावर घसरते, आणि म्हणूनच खाली डाग पडतो, जागा नाही म्हटल्यावर तेल बाहेरच येणार. सगळं जुळलं की नाही? आता एक काम कर. खालच्या चेंबरचे बोल्ट थोडे ढिले कर, पट्टीवरच्या खुणेपर्यंत येईल इतकं तेल काढ, पुन्हा आवळ. पुन्हा पहाटे थंड गाडीवर पाहा. खुणेच्या वर एक केसभरही नको.

पट्टीवरच्या अक्षरांचं मनावर घेऊ नको. कंपन्या काहीबाही कोरतात. मी अशा कोरलेल्या गोष्टी वाचत बसलो असतो तर डेपोतली एक बस फाटकाबाहेर पडली नसती. तेलाची पट्टी थंड गाडीवर वाचतात, ही रीत मी तुझ्या बापाच्या वयाच्या माणसाकडून शिकलो आणि ती जगभर एकच आहे.

परवा देवळात जुने डेपोवाले भेटले. त्यांना सांगितलं, भोपाळात एक परदेशी गाडी आहे, तिच्यावर माझा इलाज चालू आहे. तोंडात बोटं घातली बुवा सगळ्यांनी.

दिगंबर


पिपलानी
६ सप्टेंबर १९९०

ती. भाऊजी,

नमस्कार. तुम्ही सांगितलंत ते त्याच रविवारी केलं. दोन लिटर काढलं तेव्हा पट्टी खुणेवर आली. तेल अजून गुलाबी होतं, चांगलं वाटत होतं, म्हणून बरणीत भरून ठेवलं आहे.

पहिला दिवस गाडी बरी चालली असं मला वाटलं. कदाचित बरी चालावी असं वाटत होतं म्हणून असेल. दुसऱ्या दिवसापासून जास्तच घसरायला लागली. आता सपाट रस्त्यावरही दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना इंजिन एकदम मोकळं सुटतं, आणि वळणावर तर गाडी जशी काही विसरूनच जाते की आपल्याला पुढे जायचं आहे. गाडी अडली की वैजू दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड ढकलते. तिला वाटतं तिच्या ढकलण्यानं चढ चढतो. मीही 'लाव जोर' म्हणतो.

मंगळवारी डबे चाळीस मिनिटं उशिरा पोचले. पहिला उशीर लागला. महिला मंडळाच्या बाई चांगल्या आहेत, पण वहीत लिहावं तर लागणारच ना.

भाऊजी, आपण तेल काढलं त्यानंतरच हे वाढलं. तेल जरा परत घालून पाहू का? तुम्ही म्हणाल तसं.

जयंत


नागपूर
१३ सप्टेंबर १९९०

चि. जयंता,

परत घालू नको! धीर धर की जरा. जुनं तेल आहे ते, वीस वर्षं आत कढलेलं. त्याच्यात दम राहिला नसेल. सगळं काढून टाक, चेंबर खोल, आतली जाळी रॉकेलनं धू, आणि नवीन लाल तेल घाल. माप तेच, थंड गाडीवर खुणेपर्यंत. जाळी धुताना तळाशी काय सापडतं ते मला लिही. लोखंडाचा भुगा असेल तर चिंता. काळा गाळ असेल तर चालतं, वयानं होतो.

आणि एक लक्षात घे, आजाऱ्याला औषध लागू पडायच्या आधी ताप एकदा वाढतो. डॉक्टर बदलून राहिले की रोगी जातो. माझ्यावर विश्वास आहे ना?

दिगंबर

जयंता, परवा यांनी कोपऱ्यातली हत्यारांची पेटी काढून सगळे पाने तेल लावून पुसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला तयार झालेत, तुझी गाडी स्वतः पाहायला येईन म्हणतात. वर्षभर मी विनवत होते, तेव्हा ऐकलं नाही. — ताई


पिपलानी
६ ऑक्टोबर १९९०

ती. भाऊजी,

लिहायला उशीर झाला. हात जात नव्हता.

जाळी धुतली, नवीन तेल घातलं, माप तुम्ही सांगितलं तेच. तळाशी काळा गाळ होता, बोटानं चोळला तर जळक्या कागदासारखा. दसऱ्याला वैजूनं गाडीला झेंडूचा हार घातला, समोर डबा ठेवून त्यालाही कुंकू लावलं. सोमवारी गाडी गेटपर्यंत गेली. बुधवारी मिसरोदच्या पुढे चढावर थांबली आणि मग 'डी' नाही, रिव्हर्स नाही, काहीच नाही. इंजिन मजेत चालू, चाकं मेलेली. वास असा की नाकाला रुमाल लावावा. पट्टी काढली तर तेल काळं झालेलं, आठ दिवसांत.

मी ट्रक थांबवायला रस्त्याच्या पलीकडे गेलो. तेवढ्यात वैजू उतरून निघून गेली. वळून बघतो तर सीट रिकामी, आणि हौद्यातले चार डबे नाहीत. भाऊजी, तो हायवे आहे. ट्रक कसे जातात तुम्हाला माहीत आहे. मी एका बाजूला धावलो, मग दुसऱ्या बाजूला धावलो. मला सुचेना की ती घराकडे गेली असेल की पुढे. मी आयुष्यात असा ओरडलो नाही.

ती पुढे गेली होती. दोन तासांनी मंडीदीपच्या पहिल्या फाटकावर सापडली. एक चप्पल तुटलेली, तळपायाला फोड. तीन डब्यांतलं वरण सांडलं होतं. चौथा तिनं पोचवला होता, प्रकाश म्हणून एक फिटर आहे त्याचा. मी पोचलो तेव्हा तो माणूस डबा न उघडता तिच्याशेजारी जमिनीवर बसून होता, आणि ती मला रागावली. म्हणाली, 'बाबा, किती उशीर? लोक उपाशी आहेत.'

काल मंडळाच्या बाई घरी येऊन गेल्या. दुसरा उशीर लिहिला आहे. गाडीची सोय करायला त्यांनी आठवडा दिलाय, तोवर भाड्याच्या टेम्पोवर भागवतोय. टेम्पोवाला वैजूला बसू देत नाही, त्याला जागा लागते. ती साडेदहाला बंद गाडीत जाऊन बसते आणि आम्ही परत येईपर्यंत बसून असते.

आता काय करायचं ते सांगा.

जयंत


नागपूर
९ ऑक्टोबर १९९०

जयंता,

गाडी अजिबात चालू करू नको. मी शोध घेतो आहे. इथे श्याम वैद्य म्हणून एक जण आहे, कोळसा खाणीत मोठ्या डंपरांवर होता, त्यांनाही म्हणे क्लचचं पेडल नसतं. तो चांद्याला मुलीकडे गेलाय, दिवाळीनंतर येईल. आला की लगेच विचारतो. वैजूच्या पायाला हळद लावली का? तेवढं कळव. मला दुसरं काही सुचत नाही.

दिगंबर


पिपलानी
५ नोव्हेंबर १९९०

ती. भाऊजी,

नमस्कार. वैजूचा पाय बरा आहे.

टेम्पोवाल्यानं दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपलं दुसरं काम धरलं आणि आम्हाला तिसरा उशीर झाला. काम गेलं. मंडळानं ते दुसऱ्याला दिलं, त्यांनी तरी किती थांबायचं. क्वार्टरची चावी या महिनाअखेर द्यायची आहे. सुरेश येऊन सामान बांधून गेला. आम्ही तिघं चोवीस तारखेला पुण्याला निघतो.

गाडी परवा कबाडीवाला ओढून घेऊन गेला. तेव्हा वैजू आत बसलेली होती. नलिनी आणि मी मिळून तिला उतरवलं. शेजारपाजारचे बाहेर आले होते.

तुम्ही फार केलंत, भाऊजी. तुमच्याइतकं कुणी केलं नसतं. गाडी जुनीच होती, तिचं आयुष्य संपलं होतं. मनाला लावून घेऊ नका आणि डोळ्यांचं ऑपरेशन मात्र करून घ्या. पुण्याचा पत्ता मागे लिहितो.

जयंत


नागपूर
२७ नोव्हेंबर १९९०

चि. जयंता,

हे पत्र मी तुझ्या ताईला न दाखवता लिहून राहिलो आहे. डोळ्याला पट्टी आहे, एकाच डोळ्यानं लिहितो, ओळी वाकड्या जातील.

श्याम परवा आला. त्याच्यापुढे तुझी सगळी पत्रं ठेवली. त्यानं वाचली आणि एकच विचारलं, 'दिगंबरराव, तेल कसं पाहायला सांगितलं?' मी मोठ्या ऐटीत म्हटलं, पहाटे, थंड गाडी, इंजिन बंद. त्यानं पत्रं खाली ठेवली आणि उठला. मग त्याच्या घरून खाणीतलं एक जुनं पुस्तक घेऊन आला आणि मला वाचून दाखवलं.

असल्या गिअरबॉक्सचं तेल गाडी फिरवून गरम करून, इंजिन चालू ठेवून पाहतात. इंजिन बंद केलं की आतलं वरच्या भागातलं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते. दिसतेच. चार बोटं वर दिसते. तुझ्या गाडीत तेल जास्त नव्हतं जयंता, कमी होतं. तो पुरीएवढा डाग रोज तेच सांगत होता. लिटर-दीड लिटर घातलं असतं आणि गळती बंद केली असती तर गाडी चालली असती. श्याम म्हणतो, आरामात चालली असती. आणि मी तुला दोन लिटर काढायला लावलं. तू विचारलंस परत घालू का, तर मी नको म्हणालो. आतल्या क्लचच्या कोरड्या प्लेटा एकमेकींवर घासून जळल्या. तो जळका कागद तूच बोटावर घेतलास आणि मी लिहिलं, वयानं होतो.

आता खरं सांगतो. असली गाडी मी जन्मात खोललेली नाही. आमच्या डेपोत एकही नव्हती. हे तुला पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं, एका ओळीचं काम होतं. पण बारा-चौदा वर्षांनी कुणीतरी मला गाडीचं विचारलं, आणि मला 'येत नाही' म्हणवलं नाही. असा म्हातारपणाचा माज. तुझं क्वार्टर मी घालवलं. पोरीचा रस्ता मी घालवला. ती हायवेवर डबे घेऊन चालत गेली ती माझ्यामुळे.

एक विचारायचं आहे. तू लिहिलं होतंस, पट्टीवर काहीतरी पुसट कोरलंय. श्याम म्हणतो, तिथे हेच लिहिलेलं असतं. किती पुसट होतं? तुला खरंच वाचता आलं नाही का? मला शिव्या दे, पण खरं लिही.

दिगंबर


कोथरूड, पुणे
१२ डिसेंबर १९९०

ती. भाऊजी,

खरं लिहायला सांगितलंत, म्हणून लिहितो.

पुसट नव्हतं. स्वच्छ कोरलेलं होतं. इंजिन चालू, गाडी गरम, मग तेल पाहा, एवढंच. मी पहिल्याच दिवशी साडेपाचला उजेडात धरून वाचलं.

वाचल्यावर सरळ लिहायला कागद घेतला होता की भाऊजी, इथं उलटं लिहिलंय. मग ताईच्या ओळी आठवल्या. दाढी केली, चित्रं काढतात. आणि मी कधी तुमचं चुकलं असं म्हटलेलं नाही. बाबा गेल्यावर ज्या घरात मी जेवलो, तिथं ते शब्द माझ्या तोंडात बसलेच नाहीत. म्हणून 'पुसट' लिहिलं. वाटलं, तुम्हीच म्हणाल, गाढवा, नीट वाच आणि तसं कर. म्हणजे तुमचाही मान राहील आणि कामही होईल. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. मग मी मनाला समजावलं की भाऊजी एवढं ठामपणे सांगतात, तर त्यांना काही ठाऊक असणार. तेल काढताना माझा हात बोल्टवर थांबला होता, ते आजही आठवतं. तरी ढिले केले.

तीस वर्षं कारखान्यात मी माप बघून काम केलं. मापाच्या विरुद्ध साहेबांनी सांगितलं तर तोंडावर नाही म्हणायचो, त्यापायी एक बढतीही गेली. आणि घरच्या माणसाला एक ओळ लिहिता आली नाही. तेव्हा सगळं स्वतःवर घेऊ नका, भाऊजी. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. शिव्या कुणी कुणाला द्यायच्या?

नलिनीला मी हे सांगितलेलं नाही. सांगवणार नाही.

इथं सगळे प्रेमानं वागतात. सूनबाईंनी वैजूला गॅलरीत खुर्ची टाकून दिली आहे. दोनदा ती एकटी खाली गेली, दोन्ही वेळा वॉचमननं फाटकातून परत वर आणून सोडली. त्याचंही बरोबर आहे, त्याला ती कोण ते काय माहीत. आता सुरेशनं वरच्या बाजूला कडी बसवून घेतली आहे. तिचा हात पोचतो, पण ती उघडत नाही. एकदा सांगितलं की ती ऐकते.

साडेदहा वाजले की मात्र चपला घालते आणि दाराशी येऊन बसते. घरातले चार डबे शेजारी मांडते. गाडी कुठे विचारते. बिघडली आहे म्हटलं की तिचं एकच उत्तर, आतोबांना पत्र लिही, आतोबांना येतं. रोज हेच, बारा वाजेपर्यंत. आज शेवटी म्हटलं, लिहितो. तर कागद तिनंच आणून दिला, आणि हे लिहून होईपर्यंत शेजारी बसून आहे. चपला अजून पायात आहेत.

तुमचा
जयंत